आमच्या मुलांना ‘नाही’ तरी कळवा

चाकण, भोसरी, रांजणगाव आणि हिंजवडी इथल्या कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागातील अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

लातूर जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात मी मेकॅनिकल शाखेला शिकवते. गेली 11 वर्षं प्लेसमेंटचं कामही माझ्याकडे आहे. छोट्या कॉलेजात टीपीओ, म्हणजे ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर, म्हणून वेगळा माणूस नेमलेला नसतो. तास आणि प्रॅक्टिकलं संपली की आमच्यापैकीच कुणीतरी कंपन्यांना फोन लावत बसतं. त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणांशी मी कधी ना कधी बोललेली आहे. चेहरे माहीत नाहीत, पण आवाज ओळखीचे आहेत.

एका प्रश्नामुळे हे पत्र लिहिते आहे. जून ते सप्टेंबर या काळात तो मला जवळजवळ रोज कुणीतरी विचारतं. कधी मुलगा स्वतः, पण बहुतेक वेळा त्याचे वडील. ते आडतीवर आलेले असतात, मागे काट्यावरचा गलबला ऐकू येत असतो, आणि ते विचारतात, “मॅडम, पुण्याहून काही कळलं का?”

“नाही अजून,” असं मी म्हणते. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन येतो, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर ते विचारायचं सोडून देतात. फोन यायचा थांबला की मला जास्त लागतं, कारण त्या माणसानं मनातल्या मनात आपल्या पोराला नापास करून टाकलेलं असतं. पोरगा खरंच नापास झाला की काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं. त्यालाही नाही, मलाही नाही.

एका मुलाखतीची हकिकत सविस्तर सांगते, म्हणजे तुमच्या बाजूनं जे दिसत नाही ते दिसेल.

चाकणच्या एका मोठ्या कारखान्यातून सोमवारी दुपारी चार वाजता मेल आला. डीईटी म्हणजे डिप्लोमा इंजिनिअर ट्रेनीच्या जागा, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल. दहावीपासून सरसकट 60 टक्के, लाइव्ह बॅकलॉग (सुटायचा राहिलेला विषय) नको, बुधवारी सकाळी नऊला गेटवर हजर राहायचं. त्या अटींत आमची 14 मुलं बसत होती. लातूरहून पुणं सव्वातीनशे किलोमीटरच्या वर आहे आणि चाकण त्याच्याही पुढे. रात्रीच्या लातूर-मुंबई एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन एका दिवसात मिळत नाही. काही मुलं जनरलच्या डब्यात दाराजवळ बसून गेली, बाकीची एसटीनं. पहाटे पुण्यात उतरून स्टेशनवरच्या नळावर तोंड धुतलं, बॅगेत घडी मोडू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला शर्ट काढून घातला. तिथून भोसरी, भोसरीहून चाकण. नाशिक रस्त्यावर सकाळी आठला काय अवस्था असते हे मी तुम्हाला सांगायला नको, तुम्ही रोज त्यातूनच जाता. तरी 14 च्या 14 जण पावणेनऊला गेटवर होते.

सिक्युरिटीनं नावं लिहून घेतली, मोबाईल जमा करून घेतले आणि बाहेर थांबायला सांगितलं. साडेनऊ ते दुपारी अडीच मुलं रस्त्याकडेच्या झाडाखाली उभी होती. जेवायला जावं तर तेवढ्यात नाव पुकारलं जाईल ही भीती. अडीचनंतर एकेकाला आत घेतलं. एकाच्या मनगटावर घड्याळ होतं, त्यानं वेळ बघून ठेवली होती. कुणाला चार मिनिटं, कुणाला सहा. स्वतःबद्दल सांगा. बारावी का केली नाही? घरी शेती किती? एकाला ड्रॉइंग दाखवून दोन प्रश्न विचारले, बाकीच्यांना तेही नाहीत. तीन वर्षं शिकलेल्यातलं काहीच विचारलं नाही म्हणून मुलं हिरमुसली होती. पाच वाजता एक तरुण अधिकारी बाहेर आला आणि म्हणाला, “आठ दिवसांत मेल करतो.”

तो मेल आजपर्यंत आलेला नाही. निवड झाल्याचा एकालाही नाही, न झाल्याचाही एकालाही नाही.

जाण्या-येण्याचा आणि खाण्याचा खर्च प्रत्येकी हजाराच्या आसपास झाला होता. एकाच्या आईनं बचत गटातून उचल घेऊन पैसे दिले होते. पण पैशांबद्दल तक्रार करण्यासाठी मी हे लिहीत नाही. नोकरीसाठी खर्च करावा लागतो हे आमच्या पालकांना समजतं, त्याबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलेलं नाही.

त्या 14 जणांत एक मुलगा होता, वर्गात दुसरा-तिसरा येणारा. डिप्लोमा झाल्यावर मुलांपुढे दोन वाटा असतात. नोकरी धरायची, नाहीतर थेट द्वितीय वर्षाला अभियांत्रिकी पदवीला प्रवेश घ्यायचा. सीईटी सेलचे कॅप राउंड, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, पावसाळ्यात चालतात. जागा मिळाली की ठरलेल्या दोन-चार दिवसांत फी भरून प्रवेश पक्का करावा लागतो. त्या मुदतीत गेला नाहीत तर जागा दुसऱ्याला जाते. या मुलाला दुसऱ्या राउंडला चांगल्या कॉलेजात जागा लागली होती आणि त्याच वेळी चाकणच्या उत्तराची वाट बघणं चालू होतं. घरी त्या वर्षी मोठ्या बहिणीचं लग्न होतं. वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, “मॅडम, नोकरी लागत असेल तर एवढी फी आत्ता कशाला भरू? तुम्ही एकदा विचारून सांगा.”

मी त्यांच्यासमोर फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, “प्रोफाइल शॉर्टलिस्टमध्ये आहे, मॅडम. थोडं थांबा.” मी ते शब्द जसेच्या तसे वडिलांना सांगितले. ते थांबले. प्रवेशाची मुदत निघून गेली.

सप्टेंबरच्या अखेरीला त्याच कारखान्यात काम करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याकडून कळलं की त्या जागा जूनमध्येच गोठवल्या होत्या. म्हणजे आमची मुलं झाडाखाली उभी होती तेव्हाच भरती थांबलेली होती, किंवा थांबण्याच्या बेतात होती. मला फोनवर ‘शॉर्टलिस्ट’ सांगणाऱ्या व्यक्तीला ते माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. कदाचित त्यांनाही कुणी सांगितलं नसेल. पण त्या एका वाक्यावर विसंबून मी त्या माणसाला सल्ला दिला आणि त्याच्या मुलाचं वर्ष गेलं. त्या दिवशी “जागा नाहीत, पोराला ॲडमिशन घेऊ दे” एवढं कुणी म्हणालं असतं, तर त्यानं संध्याकाळच्या आत फी भरली असती.

म्हणून मी म्हणते की गप्प राहणं हा नकार नव्हे. नकार मिळाला की माणूस दुसऱ्या वाटेला लागतो. उत्तरच आलं नाही तर तो जागेवर उभा राहतो, आणि तेवढ्यात बाकीच्या वाटा बंद होत जातात. आमच्या मुलांची ऐपत फार दिवस उभं राहण्याची नसते. कुणाला पदवीचा प्रवेश सोडावा लागतो, कुणाला अप्रेंटिसशिप, कुणाला गावातल्या ट्रॅक्टरच्या शोरूममधली हातात आलेली नोकरी.

गेल्या 11 वर्षांत फोनवर ऐकलेली उत्तरं माझ्या डायरीत आहेत. ‘पोझिशन होल्डवर आहे.’ ‘मॅनेजरचा फीडबॅक पेंडिंग आहे.’ ‘सर टूरवर आहेत.’ ‘मी आता त्या टीममध्ये नाही.’ ‘प्रोसेसमध्ये आहे.’ या प्रत्येकामागे खरं कारण असू शकतं हे मी जाणते. ऑर्डर कमी झाली असेल, वरून बजेट आलं नसेल, आतलाच माणूस त्या जागी घेतला असेल. यातलं कुठलंही कारण आम्हाला सांगण्यासारखं आहे. कारखान्यात मंदी येते हे चाकणला जेवढं कळतं तेवढं लातूरलाही कळतं, सोयाबीनचा भाव पडलेला आम्ही दरवर्षी बघतो. ‘होल्डवर’ म्हटल्यानं मात्र काहीच कळत नाही. ते चार दिवसांसाठी आहे की कायमचं, हे मुलानं कशावरून ओळखायचं?

तुमच्या अडचणी मला माहीत नाहीत असं नाही. माझेच दोन विद्यार्थी पुढे एमबीए करून तुमच्याच खात्यात काम करतात. ते सांगतात की एकेका माणसाकडे एका वेळी शेकडो अर्ज असतात, लाइनवरचे मॅनेजर मुलाखत घेतात आणि शेरा लिहायला महिना लावतात, आणि कारण लेखी देऊ नका अशी वरून ताकीद असते. तुम्हाला हिशोब किती जागा भरल्या याचा द्यावा लागतो, किती जणांना उत्तर दिलं याचा कुणी विचारत नाही. तिथंच खरी गोम आहे असं मला वाटतं. म्हणून हे पत्र तुमच्यातल्या नवख्या मुलामुलींना उद्देशून नाही, त्यांना हिशोब विचारणाऱ्या वरिष्ठांना उद्देशून आहे.

आणि आमच्याही चुका आहेत. ऑफर स्वीकारून न येणारी मुलं आमच्याच कॉलेजांतून येतात. एका कंपनीनं आमची 11 मुलं घेतली आणि दिवाळीला गावी आलेल्यांपैकी सात परत गेलीच नाहीत. कुणी कळवलं नाही, फोन उचलले नाहीत. त्या कंपनीच्या बाईंनी मला जे सुनावलं ते मी खाली मान घालून ऐकलं, कारण त्या बरोबर होत्या. तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली आहे. ज्याला जायचं नाही, त्यानं माझ्या खोलीत बसून, माझ्यासमोर, कंपनीला स्वतः फोन करायचा आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं की मी येणार नाही. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं असतात, हात थरथरतात, पहिलं वाक्य जमत नाही. पण सांगतात. जे मी या वयाच्या मुलांकडून करून घेते, तेच तुमच्याकडून मागते आहे.

आता मुलाखतीच्या आधीच्या गोष्टीबद्दल. मेलमध्ये ‘डिप्लोमा ट्रेनी’ लिहिलेलं असतं. मुलगा तिथं पोचल्यावर कळतं की जागा कंपनीच्या रोलवरची नाही, कंत्राटदाराच्या पेरोलवर आहे. किंवा ती अप्रेंटिसशिप आहे. अप्रेंटिसशिपला माझा मुळीच विरोध नाही, मी दरवर्षी मुलांना त्यासाठी नोंदणी करायला लावते. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ती चालते. 2019 च्या सुधारित नियमांनी डिप्लोमावाल्यासाठी महिन्याला किमान 8,000 आणि पदवीधरासाठी 9,000 रुपये विद्यावेतन ठरवून दिलं होतं. घर जवळ असलेल्या मुलाला ते परवडतं. लातूरच्या मुलाला चाकणजवळच्या म्हाळुंग्यात किंवा खराबवाडीत खोलीचं भाडं, मेस आणि जाणं-येणं धरून त्यात महिना काढायचा असेल, तर घरून पैसे मागवावे लागतात. हा हिशोब त्यानं घरी बसून करायला हवा, मुलाखतीच्या टेबलासमोर नव्हे. पण रक्कम मेलमध्ये लिहिलेली नसते. विचारली तर ‘ॲज पर कंपनी नॉर्म्स’ असं उत्तर येतं. ते नॉर्म्स कंपनीला ठाऊक असतात ना? मग ते एका ओळीत लिहायला काय हरकत आहे?

बाँडचंही तसंच. दोन वर्षांचा बाँड आहे आणि मूळ गुणपत्रिका जमा करावी लागेल, हे जॉइनिंगच्या दिवशी सांगितलेलं मी पाहिलं आहे. मूळ गुणपत्रिका आणि टीसी ही मुलाची आयुष्यभराची कागदं आहेत. ती कुणी ठेवून घेऊ नयेत एवढंच इथं म्हणते, कारण या एका विषयावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

खोलीतल्या मुलाखतीबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण शिक्षक म्हणून तो माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

आमची बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली असतात. पुस्तकं इंग्रजीत असतात, ती वाचतात, परीक्षा देतात, पण इंग्रजीत बोलण्याची वेळ मुलाखतीआधी फारशी आलेली नसते. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला आम्ही उत्तर पाठ करून घेतो. ते पाठ केलेलं आहे हे तुम्हाला पहिल्याच वाक्याला कळतं, आणि तिथंच तुमचा रस संपतो. हे मी समोर बसून पाहिलं आहे, कारण काही पूल कॅम्पसला, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्रित मुलाखतींना, मला आत बसू दिलं होतं. समोरचा अधिकारी मोबाईलमध्ये बघतो आणि मुलगा पाठ केलेलं म्हणत राहतो.

एका वेळी मात्र वेगळं घडलं. साठीच्या घरातले एक क्वालिटीचे साहेब होते. एक मुलगा दुसऱ्याच वाक्याला अडकला. त्यांनी हातानं थांबवलं, समोर व्हर्नियर कॅलिपर हे मोजमापाचं साधन आणि एक टर्न केलेला जॉब, म्हणजे लेथवर कातलेला गोल भाग, ठेवला आणि मराठीत म्हणाले, “याचा डाया (व्यास) सांग बघू.” मुलानं जॉब पुसला, व्हर्नियरचं झिरो एरर आधी तपासलं, तीन ठिकाणी माप घेतलं आणि 0.02 मिलिमीटर लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) धरून अचूक वाचन सांगितलं. मग साहेबांनी विचारलं, “तीन ठिकाणी का?” तो म्हणाला, “सर, टेपर असू शकतो, ओव्हॅलिटी असू शकते.” म्हणजे जॉब एका टोकाला निमुळता असेल किंवा पुरता गोल नसेल. पुढची वीस मिनिटं दोघं बोलत होते. मध्ये मध्ये इंग्रजी शब्द, बाकी सगळं मराठी. तोच मुलगा, तीच खोली. त्याला येतं काय हे बघायचं की त्याला बोलता किती येतं हे बघायचं, एवढाच फरक होता. मार्केटिंगच्या जागेसाठी बोलणं पारखा, अवश्य पारखा. लेथवर आणि इन्स्पेक्शनच्या टेबलावर उभ्या राहणाऱ्या मुलासमोर एखादं माप ठेवा, एखादं ड्रॉइंग ठेवा.

मुलींच्या वाट्याला आणखी वेगळे प्रश्न येतात. लग्न कधी करणार? घरचे पाठवतील का? लग्नानंतर नोकरी सोडणार नाही कशावरून? 1976 च्या समान वेतन कायद्यात भरती करताना स्त्री म्हणून भेद करायचा नाही असं स्पष्ट कलम होतं, 2019 च्या वेतन संहितेतही तेच आहे. पण कायदा बाजूला ठेवते. आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात मुली अजूनही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. तिथवर येण्यासाठी त्या घरी जे भांडलेल्या असतात, ते सगळं या एका प्रश्नानं उलटं पडतं. बाहेर आलेली मुलगी मला सांगते, “मॅडम, बाबा म्हणालेच होते असं विचारतील.” शिफ्टबद्दल विचारायचं असेल तर सगळ्यांना सारखंच विचारा: दुसऱ्या शिफ्टला चालेल का, बसची सोय अमुक ठिकाणापासून आहे, तिथवर येता येईल का? मुली त्याचं उत्तर नीट देतील.

आणि आता नवीन प्रकार आला आहे, समोर कुणीच नसलेल्या मुलाखतीचा. लिंक येते, स्क्रीनवर प्रश्न उमटतो, विचार करायला अर्धा मिनिट, उत्तराला दोन मिनिटं, कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं. निलंग्याकडच्या एका खेड्यातली आमची मुलगी रेंज मिळावी म्हणून स्लॅबवर बसून हे करत होती. तिसऱ्या प्रश्नाला नेटवर्क गेलं. परत आलं तेव्हा स्क्रीनवर ‘धन्यवाद, तुमची मुलाखत पूर्ण झाली’ असं आलेलं होतं. तिनं त्याच मेलला उत्तर लिहिलं, माझ्याकडून तपासून घेऊन, चांगल्या इंग्रजीत. ते लगेच परत आलं, कारण तो पत्ता उत्तर घेणारा नव्हताच. तिला दाद मागायला एकही माणूस नव्हता. अशी पद्धत वापरायची असेल तर वापरा, एवढ्या अर्जांना माणसं पुरणार नाहीत हे मान्य आहे. पण एक फोन नंबर द्या, ज्याच्या पलीकडे माणूस असेल.

हे सगळं मागणं अवाजवी आहे असं वाटत असेल, तर इतर ठिकाणी काय चाललं आहे तेही सांगते. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात 1 जानेवारी 2026 पासून नियम लागू झाला आहे. 25 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकानं जाहीर केलेल्या जागेसाठी ज्याची मुलाखत घेतली, त्याला शेवटच्या मुलाखतीपासून 45 दिवसांच्या आत भरतीचा निर्णय झाला की नाही हे कळवायचं. पगार किती ते किती हे जाहिरातीत लिहायचं, जागा खरंच रिकामी आहे का ते लिहायचं, अर्ज चाळायला एआय वापरत असाल तर तेही लिहायचं. युरोपीय संघानं 2023 मध्ये वेतन पारदर्शकतेचा निर्देश काढला. त्यात उमेदवाराला सुरुवातीचा पगार किंवा त्याची मर्यादा आधी सांगण्याचं बंधन आहे, आणि आधीच्या नोकरीतला पगार विचारायला मनाई आहे. सदस्य देशांना त्यासाठी 7 जून 2026 पर्यंतची मुदत दिलेली होती. तुमच्यापैकी कितीतरी कंपन्यांची मुख्य कार्यालयं युरोपात आहेत. तिथल्या मुलाला जे सांगाल ते इथल्या मुलाला का सांगू नये, याचं उत्तर मला सुचत नाही.

आपल्याकडे 1959 मध्ये रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला सक्तीनं कळवण्याचा कायदा झाला. त्यातही खासगी आस्थापनांसाठी 25 कर्मचाऱ्यांचीच मर्यादा होती. जागा आहे हे सरकारला कळवा, एवढं त्यात होतं. जो माणूस त्या जागेसाठी आला त्याला काही कळवायचं बंधन त्यात नव्हतं. मी कायदा होण्याची वाट बघत बसलेली नाही. तुम्ही मनात आणलंत तर उद्यापासून करू शकाल अशी ही गोष्ट आहे.

करणारे आहेत, म्हणून म्हणते. भोसरीत पन्नास-साठ माणसांची एक टूलरूम, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणारा कारखाना, आहे. मालक स्वतः मुलाखती घेतात. आमची नऊ मुलं गेली होती, त्यांनी तीन घेतली. उरलेल्या सहा जणांना तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन केला. एकाला म्हणाले, “तुझा हात चांगला आहे, पण फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल प्रोजेक्शन या ड्रॉइंग काढायच्या दोन पद्धतींमध्ये गोंधळतोस. माझ्याकडे दोन्ही प्रकारची ड्रॉइंग येतात, तू जॉब उलटा बनवशील. ते पक्कं कर.” मुलगा दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगची वही घेऊन माझ्याकडे आला. पंधरा दिवस बसला. पुढच्या महिन्यात त्याला दुसरीकडे नोकरी लागली, आणि त्यानं पहिला फोन भोसरीच्या त्या मालकांना केला, मला दुसरा. त्यांच्याकडे पगार मोठ्या कंपन्यांपेक्षा कमी आहे. तरी त्यांचा मेल आला की नाव द्यायला रांग लागते, कारण सीनियर मुलं ज्युनियरना सांगतात की तिथं उत्तर मिळतं. सहा फोनला त्यांना किती वेळ लागला असेल? अर्धा तास?

मोठ्या कंपनीला प्रत्येकाला फोन करणं जमणार नाही, मी ते मागतही नाही. निवड न झालेल्यांच्या बैठक क्रमांकांची एक यादी मला पाठवा, कारणं लिहू नका. मी एकेकाला बोलावून सांगेन, वाईट बातमी सांगायची मला सवय आहे. भरती थांबली असेल तर ‘थांबली’ असा एका शब्दाचा मेल करा. बोलावणं किमान पाच दिवस आधी पाठवा, म्हणजे रेल्वेचं तिकीट मिळेल आणि मुलं रात्रभर उभी राहून येणार नाहीत. पत्रात रोलवर की कंत्राटावर, हातात किती आणि बाँड आहे की नाही, या तीन गोष्टी लिहा. सकाळी नऊला बोलावून दुपारी अडीचला मुलाखत घ्यायची असेल, तर दोनलाच बोलवा. आणि मुलांच्या आधारकार्डाच्या, जातीच्या दाखल्याच्या प्रती तुमच्याकडे मेलवर पडून असतात, ज्याला घ्यायचं नाही त्याच्या प्रती काढून टाका. 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं केला आहे, त्याचा अर्थ तुमच्या विधी विभागाला माझ्यापेक्षा चांगला माहीत असेल.

यंदा आमच्याकडे शेवटच्या वर्षाला मेकॅनिकलची 41 आणि इलेक्ट्रिकलची 28 मुलं-मुली आहेत. उन्हाळ्यात तंत्रशिक्षण मंडळाची परीक्षा संपली की ती मोकळी होतील. तुमचे मेल नेहमीसारखे येतील, मी नोटीस बोर्डावर लावीन, मुलं शर्टाला इस्त्री करतील आणि वेळेआधी गेटवर येतील, हा माझा शब्द. या वेळी मेलच्या शेवटी एक ओळ तेवढी वाढवा: निकाल अमुक तारखेपर्यंत कळेल. ती तारीख मी बोर्डावर लाल शाईनं लिहून ठेवीन. आडतीवरून फोन आला, की वाचून दाखवीन.

आपली,
एका तंत्रनिकेतनातली अधिव्याख्याती आणि प्लेसमेंट अधिकारी
लातूर जिल्हा